अंगातलं स्टॅटिक

दुबलगुंडीच्या बाबूलालनं कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो पाठमोरा, आणि पुढचे पाच महिने त्या यंत्रानं त्याच्याकडं तोंड काही केलं नाही.

यात यंत्राचा दोष नव्हता. गुलबर्ग्याच्या शिवशंकरप्पांचा शहाबादी फरशीचा डेपो होता. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली त्यांचा बंगळूरचा मेव्हणा येऊन सांगून गेला की फरशीत आता काही राहिलं नाही, पुढचं जग सॉफ्टवेअरचं. शिवशंकरप्पांनी विचारलं, ते किती इंच जाडीचं येतं? मेव्हणा म्हणाला, त्याला जाडी नाही, वजन नाही आणि ते वाटेत फुटत नाही. ज्या माणसानं जन्मभर ट्रकातून निम्मा माल फुटकाच उतरवला, त्याला आणखी काय सांगायला पाहिजे? डेपोच्या पाटीवर 'शिवगंगा फरशी'च्या वरच्या अंगाला 'शिवगंगा सॉफ्टवेअर' रंगवून झालं. खालची अक्षरं तशीच ठेवली. नवा देव बसवला म्हणून जुना कुणी विहिरीत टाकत नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं तोंड पूर्वेला करून बसवला, कारण मठाच्या स्वामींनी तसं सांगितलं होतं. पूर्वेला भिंत होती. त्यामुळं एसीच्या खोलीच्या काचेतून बघणाऱ्याला यंत्राची पाठ, तिच्यातून निघालेल्या वायरी आणि यंत्रासमोर बसलेल्या उद्धवरावांचं टक्कल एवढंच दिसे. उद्धवराव मन्नाएखेळ्ळीकडचे. सोलापुरात सहा महिन्यांचा कोर्स करून आलेले, म्हणून कंपनीचे सिस्टिम इन्चार्ज. कंपनीत सिस्टिम एकच आणि इन्चार्जही एकच असल्यानं कामाची वाटणी सोपी होती.

शिकाऊ प्रोग्रामर पाहिजे अशी जाहिरात निघाली तेव्हा बाबूलाल हुमनाबादच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन घरी बसला होता. इंटरव्ह्यू फरशीच्या थप्पीपाशी झाला. शिवशंकरप्पा कन्नडमधून विचारायचे, उद्धवराव इंग्रजीतून, आणि बाबूलाल मराठीत सुरू करून दखनीत संपवायचा. कुणालाच काही अडलं नाही. उद्धवरावांनी विचारलं, कॉम्प्युटर म्हणजे काय? बाबूलालनं पुस्तकातली व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली. मग उद्धवरावांनी विचारलं, दुबलगुंडीत घर कुठल्या अंगाला? हा प्रश्न तांत्रिक असावा, कारण उत्तर ऐकल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

शिवशंकरप्पांनी शेवटी विचारलं, फरशीतलं काही कळतंय का? बाबूलाल म्हणाला, उभी धरून न्यावी, आडवी धरली की आपल्याच वजनानं मोडते. शिवशंकरप्पा खूश झाले. कॉम्प्युटरबद्दल त्यांना स्वतःला काही कळत नव्हतं, त्यामुळं त्यातलं उत्तर बरोबर का चूक हे ते ठरवू शकत नव्हते. फरशीचं उत्तर मात्र बरोबर होतं. त्यांनी बाबूलालला शिकाऊ म्हणून घेतलं आणि अट सांगितली.

"दसऱ्यापर्यंत एक तरी प्रोग्राम तुझ्या हातानं यंत्रावर चालवून दाव. मी डोळ्यानं बघणार. चालला तर कायम. न्हाई तर दुबलगुंडी हायच."

बाबूलालचा बाप पिराजी सरकारी रस्त्याच्या गँगवर होता. आई चांगुणाबाईनं त्याच संध्याकाळी वस्तीत सांगून टाकलं की बाबू आता कॉम्प्युटर हाकतोय. त्यामुळं परतीची वाट बंदच झाली. आईनं हाकतोय म्हटल्यावर पोरगं पायी येऊन चालत नाही.

काम चांगलं होतं. सकाळी फरशी उतरवून घ्यायची, दुपारी कागदावर प्रोग्राम लिहायचा. लिहिलेला प्रोग्राम बाबूलालनं दारात उभं राहून मोठ्यानं वाचायचा आणि आत थंड हवेत बसून उद्धवरावांनी तो टाइप करायचा. पहिल्या आठवड्यात बाबूलालनं विचारलं, सर, मी करू का टाइप? उद्धवराव म्हणाले, आज व्होल्टेज कमी आहे. पुढच्या आठवड्यात व्होल्टेज जास्त होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाबूलालच्या बोटाला फरशीची भुकटी होती. त्यानं बोटं साबणानं धुतली, तर उद्धवराव म्हणाले, साबणाचा वास फ्लॉपीला चालत नाही.

शेवटी एकदा त्यांनी मूळ मुद्दा समजावून सांगितला. माणसाच्या अंगात स्टॅटिक नावाची वीज असते. ती बोटातून यंत्रात उतरते आणि यंत्र जातं.

"सगळ्यांच्याच अंगात असतंय का सर?"

"काहींच्या जास्त. जन्मतःच."

"अन् शिकल्यावर जातंय का?"

उद्धवरावांनी विचार केला. ते तसे वाईट मनाचे नव्हते. डब्यातलं लोणचं बाबूलालला वरून वाढत असत.

"कमी होतंय म्हणतात," ते म्हणाले. "पार जात न्हाई."

बाबूलालनं मान हलवली. दुबलगुंडीत विहिरीवर चढू न द्यायला एकच कारण होतं आणि ते सगळ्या गावाला तोंडपाठ होतं. इथं दर आठवड्याला नवं कारण, तेही इंग्रजीतून. शिक्षणानं एवढा तरी फरक पडतो.

पण दसरा काही कारणं ऐकून थांबणारा नव्हता. तेव्हा बाबूलालनं डेपोतली एक गुळगुळीत फरशी निवडली, पुस्तकातला कीबोर्ड बघून तिच्यावर खडूनं सगळी बटणं आखली आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर टाइप करायला लागला. फरशीचा एक गुण होता, ती चुका दाखवत नसे. दुसरा असा की दाबल्याचं बोटाला काही कळत नसे, म्हणून बाबूलाल प्रत्येक अक्षर खिळा ठोकल्यासारखं ठोके. गिऱ्हाइकं येऊन विचारत, हा पोरगा फरशी तपासतोय का? शिवशंकरप्पा सांगत, सॉफ्टवेअर करतोय. एका गिऱ्हाइकानं तसलीच फरशी आपल्या पोरासाठी मागून नेली.

बाबूलालचा प्रोग्राम ऊसतोडीचा होता. अफजलपूर भागातल्या एका ऊस उत्पादक संघाला तोडणीची पाळी लावून द्यायची होती. कुणी कधी लावण केली त्याची संघानं दिलेली यादी यंत्राला सांगायची, यंत्रानं आधी लावणाऱ्याचं नाव वर आणि मागून लावणाऱ्याचं खाली छापायचं. एवढंच. तोवर ही पाळी संघाचे चेअरमन बसवंतप्पा तोंडी लावत असत आणि त्यांच्या पाळीत लावणीपेक्षा सोयरीक जास्त मोजली जाई. त्यावरून दर हंगामात कुणाची ना कुणाची डोकी फुटत.

बसवंतप्पा यंत्र बघायला आले ते नेमके खंडेनवमीला.

आमच्या भागात त्या दिवशी हत्यारांची पूजा. नांगर, विळा, मोटार, शिवणयंत्र, ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. सकाळीच कॉम्प्युटरची पूजा झाली होती. पडद्याच्या काचेवर भस्माचे तीन पट्टे ओढले होते. झेंडूचा हार होता. ट्रकच्या चाकाखाली लिंबं ठेवतात, पण कॉम्प्युटरला चाकं नसल्यानं थोडा वेळ सगळे अडून बसले होते. मग उद्धवरावांनी कीबोर्डच्या चार कोपऱ्यांखाली चार लिंबं ठेवून तो प्रश्न सोडवला. दारात कोहळा फोडला. बाबूलाल संध्याकाळच्या गाडीनं गावी निघणार होता, दुसऱ्या दिवशी वस्तीत धम्मचक्राचा कार्यक्रम होता. तो आपली फरशी पुसून ठेवत होता. अट संपायला एक दिवस उरला होता आणि बोट अजून यंत्राला लागलं नव्हतं.

चेअरमन जीपमधून उतरले, आत गेले, हात जोडले आणि म्हणाले, चालवून दावा.

शिवशंकरप्पांनी हसून सांगितलं की आज आयुधपूजा, उद्या दावतो.

"उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर मी ऑर्डर देणार," चेअरमन म्हणाले. "हैदराबादची पार्टी लॉजवर बसून हाय. तुमचं आज बघायचं, त्यांचं रात्री."

"पण पूजा झाली की साहेब."

"पूजा माझ्या ट्रॅक्टरची बी झाली. म्हणून बंद ट्रॅक्टर बघून कुणी घेतंय का?"

शिवशंकरप्पांनी उद्धवरावांकडं पाहिलं. उद्धवराव दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, मी लेकराबाळांचा माणूस आहे. शिवशंकरप्पांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं आणि तो खिशात घातला. तेवढ्यात त्यांना काचेच्या पलीकडं फरशी पुसणारा बाबूलाल दिसला.

त्याला आत बोलावलं. म्हणजे दारापर्यंत.

"बाबू, तुमच्यात खंडेनवमी असते का?"

"न्हाई अप्पा. बापानं सोडली."

"पुरी सोडली? का थोडी ठेवली?"

"पुरी."

"म्हंजे आज तू यंत्राला हात लावला तर तुला काही होत न्हाई."

"मला न्हाई होत."

आता सगळे उद्धवरावांकडं बघायला लागले, कारण यंत्राला काय होतं हे त्यांच्या खात्यात येत होतं. उद्धवरावांनी खिडकीबाहेर पाहिलं, हवेत बोट फिरवलं.

"आज हवा दमट हाय," ते म्हणाले. "दमट हवेत स्टॅटिक उतरतंय. चालंल."

बाबूलाल आत गेला. यंत्राच्या पुढं जाऊन बसला. पाच महिने वायरींवरून त्यानं त्याच्या तोंडाचा अंदाज बांधला होता. तोंड साधंच निघालं, वर भस्म होतं म्हणून जरा ओळखीचंही वाटलं. त्यानं बटण दाबलं. यंत्र घरघरलं. शिवशंकरप्पांनी डोळे मिटले. त्यांना कुणीतरी शाप देईल असं वाटलं होतं, पण यंत्रानं फक्त 'टुक' केलं.

मग बाबूलालनं पहिलं अक्षर दाबलं, म्हणजे फरशीवर दाबायचा तसं. कीबोर्ड लिंबांवरून उडाला, पडद्यावर तेच अक्षर ओळभर उमटलं आणि उजव्या कोपऱ्यातल्या लिंबाची चिळकांडी चेअरमनच्या धोतरावर गेली. आयुधपूजेत असं काही असेल असं त्यांना वाटलं. बाबूलालनं ओळ खोडली आणि पुन्हा हळू दाबलं. बटण खाली गेलं आणि वर आलं. इतकं मऊ असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं उगाच ते आणखी एकदा दाबून पाहिलं, मग तेही खोडलं.

प्रोग्राम चालला. प्रिंटर करकरत कागद ओकायला लागला. चेअरमननी कागद हातात घेतला आणि ते वरून खाली वाचत गेले. आपलं नाव वर नाही हे त्यांना लगेच कळलं. मधे नाही हे थोड्या वेळानं कळलं. ते अगदी शेवटी होतं, कारण त्यांनी लावणच सगळ्यांच्या मागून केली होती.

खोलीत थंड हवा होतीच, ती आणखी थंड झाली. शिवशंकरप्पा सांगायला लागले की पोरगा शिकाऊ आहे, आजचा दिवस तसाच, यंत्राचं आजचं बोलणं धरायचं नाही.

"धरायचं," चेअरमन म्हणाले. "मलाच शेवटी टाकलं म्हटल्यावर गावाचा विश्वास बसंल. पहिल्या वर्साला असंच पायजे. विश्वास बसल्यावर मग बघू." त्यांनी कागदाची घडी घातली. "ऑर्डर तुम्हाला."

जीप गेली. बाबूलाल शिवशंकरप्पांपुढं उभा राहिला. त्यांनी त्याची पाठ थोपटायला हात उचलला आणि हवेतच थोपटलं.

"झकास चाललं."

"मग अप्पा, कायम?"

शिवशंकरप्पांना वाईट वाटलं. ते नियमाचे पक्के होते.

"पण बाबू, आज खंडेनवमी. आज यंत्र बंद असतंय. बंद यंत्रावर चालवलेला प्रोग्राम कसा धरायचा? हंगामभर काम कर, मग बघू."

दसऱ्यानंतर कचेरी उघडली तेव्हा उद्धवरावांनी सांगितलं की खंडेनवमीचं स्टॅटिक यंत्रात राहिलंय. ते काढल्याशिवाय आपल्याला बसता येणार नाही. काढायचं कसं, तर गोमूत्र शिंपडून. हा तांत्रिक उपाय असून सोलापुरात सगळे करतात. शिवशंकरप्पांनी यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आणवलं आणि बाबूलालकडून वाचून घेतलं. यंत्रावर कुठलाही द्रव पदार्थ सांडू नये, नाही तर गॅरंटी राहणार नाही, असं त्यात होतं.

"गोमूत्राचं नाव हाय का त्यात?" उद्धवरावांनी विचारलं.

"नाव न्हाई," शिवशंकरप्पा म्हणाले. "पण द्रव म्हटल्यावर ते बी आलंच." ते पुस्तकातल्या चित्राकडं बघत बसले. फरशीच्या धंद्यातला माणूस, कुठला माल पाण्यात टिकतो आणि कुठला नाही याचा त्याला अंदाज असतो. "उद्धवराव, यंत्र न्हात न्हाई. तुम्ही न्हा."

आणि तसंच ठरलं. बाबूलाल यंत्रावरून उठला की पुढं बसण्यापूर्वी आणि बसून उठल्यावर उद्धवरावांनी अंघोळ करायची. स्टॅटिक पाण्यानं उतरतं, हे त्यांनीच सांगितलेलं.

हंगाम सुरू झाला. ऊस संघाची पाळी रोज बदलायची; कुणाची टोळी पळाली, कुणाचा ऊस जळाला, कुणाला यंत्र चुकलंय असं वाटलं. बाबूलाल सकाळी बसे. दहा वाजता उद्धवराव डेपोमागच्या हौदावर अंघोळ करून ओल्या शेंडीनं येत, एखादं नाव दुरुस्त करत आणि पुन्हा हौदावर जात. थंडी पडली. नळाला पाणी एक दिवसाआड. उद्धवरावांना सर्दी झाली. थंड हवेच्या खोलीत ओलं अंग घेऊन बसल्यावर ती छातीत उतरली. ऊस संघाचे लोक आले की त्यांना दिवसातून तीनदा न्हाणारा हा माणूस मोठा कर्मठ वाटे आणि एकजण तर त्यांच्या पाया पडून गेला. उद्धवराव पाया पडून घ्यायचे आणि शिंकायचे.

संक्रांतीच्या सुमाराला एकदा ते दारातच उभे राहिले.

"बाबू, एवढं एक नाव तूच बदल. मी वाचतो, तू टाइप कर."

"बसा की सर आत."

"नको. आज पाणी न्हाई नळाला."

तेव्हापासून उद्धवराव दारात उभं राहून कागद वाचत आणि बाबूलाल आत टाइप करे. उद्धवरावांनीही कधी आत यायचा हट्ट धरला नाही. डेपोच्या उन्हात त्यांची छाती सुधारली. रिकाम्या वेळात ते गिऱ्हाइकांना फरशी दाखवायला लागले आणि शिवशंकरप्पांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा हात त्यात चांगला बसला. बाबूलाल मधून मधून कायमचं विचारायचा. शिवशंकरप्पा म्हणायचे, हंगाम संपू दे.

एप्रिल उजाडला. शेवटचा ऊस शेतात वाळायला लागला होता आणि ज्यांचा राहिला होता ते सगळे कोयते घेऊन संघाच्या दारात बसले होते. अशात बाबूलालनं चौदा तारखेची सुट्टी मागितली. शिवशंकरप्पा घाईत होते, व्हय म्हणाले. चौदा तारखेला सकाळी चेअरमनचा माणूस आला, पाळी बदलून पाहिजे, आत्ताच्या आत्ता. शिवशंकरप्पांनी उद्धवरावांना हाक मारली. उद्धवराव हौदावर गेले. हौद कोरडा होता.

दुपारी दुबलगुंडीच्या वस्तीत निळ्या पताकांखाली एक जीप येऊन थांबली. तिच्यातून शिवशंकरप्पा आणि चेअरमन बसवंतप्पा उतरले. बाबूलाल नवा पांढरा शर्ट घालून ट्रॉलीवर फोटोला हार बांधत होता.

"बाबू, गाडीत बस. तासाभराचं काम हाय."

"आज कसं जमंल अप्पा? मिरवणूक हाय."

शिवशंकरप्पांनी आवाज खाली आणला. "आज तुमच्यात यंत्राला हात लावत न्हाईत का?"

"तसं काही न्हाई. आजच्या दिवशी बाकीच्यांनी लावला तरी आमची हरकत न्हाई."

चांगुणाबाईनं घरासमोर बाज टाकली, वर सतरंजी घातली आणि कपबश्या आणल्या. चेअरमननी लगेच कप उचलला. त्यांची पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि निवडणुकीच्या आदल्या वर्षी त्यांना सगळीकडचा चहा गोड लागे. शिवशंकरप्पांनी कपाकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं, बाबूलालकडं पाहिलं. बाबूलाल हाराची गाठ मारत होता आणि ती लवकर सुटणारी नव्हती. शिवशंकरप्पांनी कप उचलला आणि सगळा चहा एका दमात पिऊन टाकला. तो गरम होता, डोळ्यांत पाणी आलं.

"कायम," ते म्हणाले. "आजपासून कायम. इन्चार्ज. आता चल."

"उद्या पहिल्या गाडीनं येतो अप्पा."

"अन् आज?"

"आज सुट्टी. तुम्हीच दिलीय."

चेअरमन तोवर मिरवणुकीत पुढं जाऊन उभे राहिले होते आणि कुणीतरी त्यांच्या कपाळाला निळा गुलाल लावत होतं. शिवशंकरप्पांना जायला गाडी होती, पण गेल्यावर करण्यासारखं काही नव्हतं. ते बाजेवर बसून राहिले. पिराजी त्यांच्या सोबतीला येऊन जमिनीवर बसायला लागला, मग जरा विचार करून बाजेवरच बसला. पाहुण्याशी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून त्यानं विचारलं, साहेब, तुमची कंपनी कशाची?

शिवशंकरप्पांनी ट्रॉलीवर चढलेल्या बाबूलालकडं बोट केलं.

"सध्या तर ह्याचीच हाय," ते म्हणाले, आणि चांगुणाबाईला आणखी अर्धा कप मागितला.